वजन उतरलं, ताकद कुठं गेली?

(१९९१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे स्मरणिकेसाठी भरून घेतले आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आरोग्य'. जेवणानंतर, तेही पुरणपोळीच्या जेवणानंतर, आरोग्यावर बोलायला उभं राहणं म्हणजे काय शिक्षा असते ते मला आत्ता कळतंय. मी डॉक्टर नाही. तुम्हाला माहीत आहे, मी लोणंदच्या बाजारात कांद्याची आडत चालवतो. त्यामुळे मी फक्त माझ्या अंगावर जे घडलं तेच सांगणार आहे. त्यातली चूक माझी आहे आणि ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडून होऊ शकते, म्हणून सांगतोय.

सकाळपासून मी पाहतोय, आपण एकमेकांना भेटलो की पहिलं वाक्य एकच: "अरे, किती सुटलास!" किंवा "काय बारीक झालास रे, काय केलंस?" दुसरं वाक्य ज्याच्या वाट्याला येतं त्याची छाती फुगते. माझीही फुगली होती. मला ते वाक्य वर्षभर ऐकायला मिळालं.

सुरुवात झाली ती २०२२ च्या आषाढवारीत. कोरोनामुळे दोन वर्षं माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. त्या वर्षी पालखी पुन्हा पायी निघाली, लोणंदला मुक्काम झाला, आणि उत्साहाच्या भरात मी दिंडीबरोबर चांदोबाच्या लिंबापर्यंत उभं रिंगण पाहायला चालत निघालो. शाळेत असताना आपण त्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी द्यायला पळत जायचो, आठवतंय ना? त्या दिवशी मात्र अर्ध्या वाटेत माझा श्वास भरून आला. मी झाडाखाली टेकलो. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठी एक माउली डोक्यावर तुळस घेऊन माझ्यासमोरून गेली आणि जाताना म्हणाली, "बाळा, बस जरा, मागनं ये." आळंदीहून चालत आलेली बाई मला बाळा म्हणून बसवते! मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात रक्त तपासलं. साखर सीमारेषेवर. वजन ८४ किलो, उंची पाच फूट सहा इंच, कंबर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० च्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. म्हणजे मी बराच बाहेर होतो. माझ्या वडिलांचं सगळं उतारवय साखरेत गेलं, ते मी जवळून पाहिलेलं. मी घाबरलो आणि पळायला लागलो.

रोज पहाटे नीरेच्या रस्त्यानं पाडेगावच्या बाजूला चार किलोमीटर जायचं आणि चार यायचं. पहिले दोन महिने चाल-पळ, मग नुसतं पळणं. एक दिवस खाडा नाही. आणि जोडीला माझं स्वतःचं आहारशास्त्र: सकाळी लिंबू-मधाचं पाणी, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी फळं. डाळ नको, ती जड. दूध नको, त्यात फॅट. अंडी तर नकोच, श्रावणात सोडली ती सोडलीच. वजन भराभर उतरत गेलं. वर्ष-सव्वा वर्षात ८४ चे ६९ झाले. पंधरा किलो! २०२३ च्या पावसाळ्यात मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालो. २०१२ पासून ही शर्यत होते, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि तसंच परत यायचं, एकवीस किलोमीटर. पदक गळ्यात घालून काढलेला फोटो तुमच्यापैकी अनेकांनी ग्रुपवर पाहिला, अंगठे दाखवले. मला वाटलं, जिंकलो.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एका रात्री न्हाणीघरातून आवाज आला. आई घसरून पडली होती. आईचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर, वजन पन्नास-बावन्न किलो. मी धावलो, तिच्या काखेत हात घातले, उचलायला गेलो, आणि माझे गुडघे लटपटले. पुन्हा जोर लावला. अर्ध्यावर आणलं आणि पुन्हा खाली टेकवावं लागलं. बायको आली, शेजारी राहणारे आमच्या आडतीवरचे हमाल आले, साठीच्या घरातला माणूस, त्यानं आईला एकट्यानं उचलून खाटेवर ठेवलं. मनगट मोडलं होतं, कंबर वाचली, एवढं नशीब. त्या दुखण्यातही आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आरं, तुझ्या अंगात कायच ऱ्हायलं नाय का? आजारी हायस का, मला सांगत नाहीस?"

मित्रांनो, विशी-बाविशीत मी पन्नास किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचो. हमाल कमी पडले की दिवसाला पन्नास-साठ गोण्या. आणि त्या रात्री तेवढ्याच वजनाची माझी आई मला उचलता आली नाही. एकवीस किलोमीटर घाट पळणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी आडतीवर गेलो, कोणी नसताना एक गोणी उचलून पाहिली. कमरेपर्यंत आली, खांद्यावर गेली नाही. तेव्हा मला कळलं की माझं वजन उतरलं ते खरं, पण नेमकं काय उतरलं हे मी विचारलंच नव्हतं.

मग मी विचारायला लागलो. साताऱ्याला एका जाणत्या डॉक्टरांकडे गेलो, व्यायाम शिकवणाऱ्या एकाकडे गेलो, वाचलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

वजनकाटा हा आपल्या बाजारातल्या काट्यासारखाच आहे. गोणीत कांदा किती आणि माती किती हे काटा सांगत नाही, एकूण भार सांगतो. शरीर खर्चापेक्षा कमी खायला लागलं की ते साठ्याला हात घालतं. चरबी जाळतं, पण त्याबरोबर स्नायूंमधली प्रथिनंही मोडून वापरतं. विशेषतः जो स्नायू कामाला लावला जात नाही तो शरीराच्या लेखी बिनकामाचा गडी. तंगीच्या काळात आधी त्याचा पगार बंद. ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं नसतील तर उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा असतो. माझ्या पंधरा किलोंतले तीन-चार किलो तरी असे गेले असणार. पळण्यानं हृदय आणि फुप्फुसं तयार झाली, पाय जेमतेम राहिले, पण पाठ, खांदे, हात, मांड्यांचा जोर याला कोणी कामच दिलं नव्हतं आणि खायलाही दिलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, आपल्याला कुठं गोण्या उचलायच्या आहेत? बँकेतली नोकरी, एसीतलं ऑफिस. पण स्नायू फक्त ओझ्यासाठी नसतात. जेवल्यावर रक्तात येणारी साखर शोषून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान केलं तर साखर ठेवायची कुठं? मी साखर घालवायला निघालो होतो आणि तिचं कोठारच पाडत होतो.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. म्हणजे तक्त्यात बघितलं तर दोघेही छान. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनाच्या हिशेबात तेवढेच, पण आत दुपटीहून जास्त चरबी. युडकिन मॅरेथॉन पळणारे, तर याज्ञिकांनी स्वतःच थट्टेनं लिहिलं आहे की त्यांचं पळणं म्हणजे सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. पण फरक फक्त सवयीचा नाही. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपली बाळं लहान आणि बारीक, पण ती कमी भरली होती ती स्नायूंमध्ये. चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे आपण मुळातच स्नायूंचं भांडवल कमी घेऊन जन्माला येतो. शिवाय तिशी-चाळिशीनंतर ते दर दहा वर्षांनी थोडं थोडं घटतच जातं. अशा माणसानं उपाशीपोटी नुसतं पळत सुटणं म्हणजे भांडवल विकून घर चालवणं. आपण व्यापारी माणसं, याचा शेवट काय होतो ते सांगायला नको.

मग पळणं सोडायचं का? अजिबात नाही. पळणं चांगलंच आहे, मी अजून पळतो. फक्त त्याच्याकडून अपेक्षा बेतानं ठेवायची. साधा हिशेब आहे: एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागं साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला तर साडेतीनशे कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे पाच किलोमीटरचे बावीस फेरे झाले तेव्हा एक किलो, तेही परत येताना स्टँडवर वडापाव खाल्ला नाही तर! म्हणून घाई करायची नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ. जितकी घाई, तितके स्नायू जास्त जातात.

आता मी काय बदललं ते सांगतो.

एक, पळण्याचे दिवस सहा-सात वरून तीन केले. त्यातले दोन दिवस रमतगमत, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं, अर्धा-पाऊण तास. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी, वाक्य तुटत असेल तर जास्त. एक दिवस चढाचं किंवा थोडं जोरात, थांबून थांबून.

दोन, आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम. जिमच लागते असं नाही. आमच्याकडे पाण्याचा वीस लिटरचा जार आहे, तो जमिनीवरून पाठ ताठ ठेवून उचलायचा आणि ठेवायचा. खांद्यावर ओझं घेऊन पायऱ्या चढायच्या. दंड आणि बैठका. दंड जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर. मुख्य नियम एवढाच: शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, आणि सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवायचं. स्नायूला रोज सांगावं लागतं की बाबा, तुझी गरज आहे.

तीन, खाणं. प्रथिनं दर किलो वजनामागं दिवसाला निदान पाऊण-एक ग्रॅम हवीतच. 'आयसीएमआर'नं साध्या निरोगी माणसासाठी ०.८३ ग्रॅम सांगितलं आहे. वजन उतरवताना स्नायू राखायचे असतील तर ते १.२ ते १.६ पर्यंत न्यावं लागतं. माझ्या त्या एका भाकरीच्या काळात मी हिशेब केला तर दिवसाला तीस-पस्तीसच ग्रॅम पोटात जात होती, लागत होती त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. आता सकाळी दोन-तीन अंडी, एका अंड्यात सहा ग्रॅम. दुपारी भाकरीबरोबर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ वाटीभर नव्हे, ताटभर. दही, ताक, रात्री दूध. भाजलेले फुटाणे खिशात. शेंगदाणा चांगला, पण त्यात तेल बरंच, म्हणून मूठभरच. अंडी न खाणाऱ्यांनी डाळी, दूध, पनीर, सोयाबीन वाढवावं. आणि झोप पुरी घ्यायची. स्नायू बांधला जातो तो विश्रांतीत.

आपल्या मातीत हे सगळं होतंच. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, तेही बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंच्या आतल्या मल्लांत. किलो मोजकेच, पण त्यात काय ताकद असेल! आणि माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. दुष्काळी भागातली मुलगी, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली, दहावी आली. त्या शर्यतीत नुसतं पळायचं नसतं, अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. पायात जोर नसेल तर नुसता दम काय कामाचा? पैलवान पळतात आणि पळणारे ताकद कमावतात. आपणच 'पळणं वेगळं, तालीम वेगळी' असं धरून बसलो.

माझ्या मैत्रिणींना एक वेगळं सांगायचं आहे. वजन उचललं की बायका पैलवान दिसायला लागतात ही भीती काढून टाका, इतक्या सहज स्नायू वाढत असते तर आम्ही सगळे गामा झालो असतो. पाळी थांबण्याच्या वयात स्नायू आणि हाडं दोन्ही वेगानं झिजतात. तुम्हाला याची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे. फक्त चालायला जाणं पुरत नाही.

आणि सावधगिरी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळताना साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनानं वाढवू नका. छातीत जड वाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला तर त्याला ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका. आज या सभागृहात आपल्या तुकडीतले जे चार चेहरे नाहीत, ज्यांना सकाळी आपण उभं राहून श्रद्धांजली वाहिली, त्यांतले दोघे असेच गेले.

आता आमच्या पीटीच्या सरांबद्दल बोलतो. सर समोरच बसले आहेत. सर, शाळेत उशीर झाला की तुम्ही दारातच वीस बैठका काढायला लावायचात. मी सगळ्यात जास्त बैठका काढलेला विद्यार्थी आहे, कारण बाजाराच्या दिवशी वडील मला आधी आडतीवर न्यायचे. तेव्हा मनात तुम्हाला काय काय म्हणालो ते इथं सांगत नाही. पण साताऱ्याच्या त्या डॉक्टरांनी तपासणीची फी घेऊन जेव्हा लिहून दिलं, 'बैठका, वीस, तीन वेळा', तेव्हा मला हसू आलं. तुम्ही तेच औषध फुकट देत होतात, आम्ही ते शिक्षा म्हणून घेतलं.

आता सगळ्यांनी एक करायचं आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी बसून राहा. बाकीच्यांनी दोन्ही हात छातीवर घ्या, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा, बसा. पाच वेळा. ... झालं? मला इथून दिसतंय, कोणी खुर्चीला हात लावला ते. हसण्यावारी नेऊ नका. ज्याला चौथ्या-पाचव्या वेळेला हात लावावासा वाटला, त्याला आजपासून सुरुवात करायची आहे, वजन कितीही असो. बारीक असलात तरी.

माझं पुढं काय झालं? चौदा महिन्यांत माझं वजन ६९ वरून ७२ झालं. तीन किलो वाढलं. काट्यावर हरलो. पण कंबर, जी ६९ किलोंच्या वेळी ९१ होती, ती ८६ झाली. साखर आता बरी आहे. गोणी खांद्यावर जाते, फळीवर मात्र चढत नाही, ते वय गेलं. पळण्याचा वेग पूर्वीपेक्षा थोडा कमी झाला असेल, त्याचं दुःख नाही. गेल्या आठवड्यात बाजारात आपल्यातलाच एक जण भेटला, म्हणाला, "काय रे, पुन्हा भरलास वाटतं!" मी म्हणालो, "हो, भरलोय. कशानं ते विचार."

आई आता शहात्तरीकडे झुकली आहे. तिला मी रोज सकाळी खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला लावतो, आणि दोन्ही हातांत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या देतो. सुरुवातीला शिव्या दिल्या. आता मी विसरलो तर तीच आठवण करते. परवा न्हाणीघराच्या दारात तोल गेला, पण चौकट धरून स्वतःच सावरली. मला हाक मारली नाही, नंतर सांगितलं.

ज्यांचा आज लोणंदला मुक्काम आहे, त्यांनी उद्या सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर यावं. तीन फेऱ्या रमतगमत आणि दारात वीस बैठका. सरांनी यायचं कबूल केलं आहे. उशीर झाला तर बैठका किती ते तेच ठरवतील.